‘लग्न झालं असं मानणं’ आणि ‘लग्नासारखं नातं’: कायद्यात फरक काय?

‘पाच वर्षं एकत्र राहिलं की कायद्याने नवरा-बायको’ हे इतक्या खात्रीने सांगितलं जातं की त्यावर विसंबून अनेक जोडपी कागदपत्रंच करत नाहीत. असा वर्षांचा आकडा कोणत्याही केंद्रीय कायद्यात नाही. आहेत त्या दोन स्वतंत्र तरतुदी, आणि त्यांची सतत गल्लत होते.

पहिली पुराव्याच्या कायद्यातली: पूर्वी १८७२ च्या कायद्याचं कलम ११४, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११९. दोघं दीर्घकाळ नवरा-बायको म्हणून नांदले, नातेवाईक आणि शेजारीपाजारी त्यांना तसंच ओळखत असले, तर लग्न झालं होतं असं न्यायालय धरून चालतं. झालं नव्हतं, हे सिद्ध करणं नाकारणाऱ्याचं काम. सुमारे ५० वर्षं संसार केलेल्या जोडप्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली म्हटलं, की अर्ध्या शतकानंतर लग्नाचे साक्षीदार आणा म्हटलं तर फार थोड्यांना ते जमेल. हे मान्य झालं की बाई कायद्याने पत्नी ठरते, पतीमागे वारसही.

दुसरी तरतूद २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातली. इथे लग्न झालेलं नाही हे मान्य असूनही संरक्षण मिळतं. मात्र नातं ‘लग्नाच्या स्वरूपाचं’ हवं. २०१० च्या निकालातले निकष असे: समाजात जोडीदार म्हणून वावर, लग्नाचं वय पूर्ण, दोघंही लग्नाला कायद्याने मोकळे, आणि बराच काळ स्वेच्छेने सहवास. शनिवार-रविवारच्या भेटी यात बसत नाहीत. बाई जिथे राहते तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे, थेट किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत, कलम १२ खाली अर्ज करू शकते. मारहाण थांबवण्याचा आदेश, राहत्या घरातून हुसकावण्याला मनाई, खर्चासाठी पैसे हे सगळं मागता येतं. वारसाहक्क मात्र यातून मिळत नाही.

घोटाळा होतो तो कागदावर. ‘आम्ही लग्न न करता एकत्र राहत आहोत’ असा स्टॅम्प पेपरवरचा नोटरी करार हिंसाचाराच्या अर्जात सहवासाचा चांगला पुरावा ठरतो. तोच कागद पुढे वारशाच्या दाव्यात उलटतो, कारण लग्न झालं नव्हतं ही त्यात स्वतःच्या सहीची कबुली असते. उलट भाडेकरार, रेशनकार्ड, मुलांचा शाळेतला दाखला यांत वर्षानुवर्षं ‘पती-पत्नी’ असेल, तर पहिली तरतूद भक्कम होते. तेव्हा सही करण्याआधी हा कागद उद्या कोणत्या दाव्यात दाखवला जाईल, हे वकिलाला विचाराच.

आधीचं लग्न कायम असेल तर हिंदू जोडप्यासाठी दोन्ही वाटा अवघड. पुरुष विवाहित आहे हे ठाऊक असून राहिलेल्या बाईचा हिंसाचार कायद्याखालचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फेटाळला. पण त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात, पहिलं लग्न लपवून दुसरं करणाऱ्याला या दुसऱ्या पत्नीला पोटगी द्यावी लागली. फसवलेल्या बाईला पत्नी न मानणं म्हणजे फसवणाऱ्याला बक्षीस देणं, ही न्यायालयाची भूमिका मला अगदी योग्य वाटते.

लग्न करायचंच नसेल, तर मिळकतीसाठी दोन साक्षीदारांच्या सह्यांचं मृत्युपत्र करावं. बँकेत नुसतं नॉमिनी म्हणून नाव लावून भागत नाही. नॉमिनी पैसे स्वीकारतो, ते शेवटी वारसांचे असतात.