नवी किडनी आणि सीबीसीचा रिपोर्ट

प्रत्यारोपणात नवी किडनी बसली, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) उतरलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मग सगळं लक्ष त्या एकाच आकड्याकडे लागतं. पण पहिल्या काही महिन्यांत सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टवरही तितकीच बारीक नजर हवी.

सगळ्यात जपावं लागतं ते पांढऱ्या पेशींना. रुग्णाच्या गोळ्यांचा डबा उघडून पाहा: नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून मायकोफेनोलेट, सायटोमेगॅलो विषाणूला रोखायला व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर, न्यूमोनिया टाळायला को-ट्रायमोक्साझोल. तिन्ही गरजेच्या, आणि तिन्ही रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला दाबू शकणाऱ्या. सुरुवातीला एटीजीचं (प्रतिकारशक्ती जोरात दाबणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन झालं असेल तर धोका आणखी वाढतो. व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी मंद चालत असताना डोस कमी केला नाही तर ते अंगात साठतं. अ‍ॅझाथायोप्रिन (किडनी नाकारली जाऊ नये म्हणूनचं आणखी एक औषध) घेणाऱ्याला गाउटसाठी (युरिक अ‍ॅसिडमुळे होणारी सांधेदुखी) अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू झालं, तर पेशी धोकादायकरीत्या घसरू शकतात.

खरा पेच पुढे आहे. सायटोमेगॅलो विषाणूही पांढऱ्या पेशी घटवतो आणि त्याला अडवणारी गोळीही. रिपोर्टमधला आकडा तोच, उपाय मात्र उलटे. म्हणून आधी रक्तात विषाणू आहे का हे पाहणारी पीसीआर तपासणी, मग निर्णय. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या खाली गेले आणि ताप आला, तर सकाळपर्यंत थांबू नये, थेट रुग्णालय गाठावं. आणि रिपोर्ट पाहून मायकोफेनोलेट स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नये. किडनीच हातची जाऊ शकते.

हिमोग्लोबिनचं गणित वेगळं. चांगली किडनी एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक) बनवते, त्यामुळे ते हळूहळू वाढायला हवं. वाढत नसेल तर लोहाची कमतरता, किडनीचं अपुरं काम, औषधं, क्वचित पार्वोव्हायरस बी-19 या विषाणूचा संसर्ग हे सगळं तपासावं लागतं. रक्त चढवायला डॉक्टर सहसा राजी नसतात, कारण त्यातून तयार होणाऱ्या अँटिबॉडी (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) किडनीवर उलटू शकतात.

काहींचं हिमोग्लोबिन उलट 17 च्या वर जातं, बहुधा प्रत्यारोपणानंतर आठ महिने ते दोन वर्षांच्या काळात. पुरुष, धूम्रपान करणारे आणि स्वतःच्या जुन्या किडन्या शाबूत असलेले यांत हे जास्त दिसतं. रक्त घट्ट होऊन गुठळी होण्याची भीती असते. त्यावर रक्तदाबाच्या एनालाप्रिल किंवा लोसार्टनसारख्या गोळ्या देतात. अ‍ॅनिमिया असलेल्याचं हिमोग्लोबिन ज्या आणखी खाली आणू शकतात, त्याच या गोळ्या.