विटेला, भिंतीला: न शिकवता आलेलं व्याकरण

'वीट' या शब्दाला 'ला' लावला की होतं 'विटेला'. 'भिंत'ला लावला की 'भिंतीला'. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त, तरी एकीकडे 'ए' आणि दुसरीकडे 'ई'. का, असं विचारलं तर आपल्यातले बहुतेक जण थबकतात. पण कुणी 'भिंतेला' म्हटलं तर कान लगेच खटकतो. गुपित अनेकवचनात आहे: 'विटा' म्हणून 'विटेला', 'भिंती' म्हणून 'भिंतीला'. शाळेत सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाच्या बदलणाऱ्या रूपाचा, धडा येण्याच्या कितीतरी आधी मूल हा संबंध पाळायला लागलेलं असतं.

मराठीची छापील व्याकरणं आली ती उशिराच. विल्यम कॅरी यांचं १८०५ साली, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं १८३६ साली. त्याआधी शतकानुशतकं लोक शुद्ध सामान्यरूपं बोलतच होते. मग ते शिकले कसे?

विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत यावर जोरदार वाद झाला. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५७ साली भाषेचा उलगडा सवयीतून आणि मिळणाऱ्या प्रतिसादातून केला. १९५९ साली भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी त्यावर घणाघाती टीका केली: कधीच न ऐकलेली वाक्यं माणूस सहज बोलतो, ती सवयीतून येणार कुठून?

त्या दोन सालांच्या मधोमध, १९५८ साली, जीन बर्को यांनी एक साधा, सुंदर प्रयोग केला. लहान मुलांना पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून सांगितलं, हा 'वग'. मग दोन प्राणी दाखवून वाक्य पुरं करायला सांगितलं. शब्द मुलांनी जन्मात ऐकला नव्हता, तरी बहुतेकांनी त्याचं इंग्रजी अनेकवचन बरोबर केलं. माझी साडेतीन वर्षांची भाची परवा चित्र दाखवत म्हणाली, "मामा, हे मी करलं." घरात 'करलं' कुणीच म्हणत नाही. 'धरलं', 'भरलं' ऐकून तिने ते स्वतः घडवलं. मला तर ही चूक तिच्या बरोबर वाक्यांपेक्षा मोलाची वाटते, कारण आत चाललेलं काम तिथे उघडं पडतं.

मोठ्यांच्या बाबतीत हेच तपासलं मानसशास्त्रज्ञ आर्थर रेबर यांनी, १९६७ साली. त्यांनी पाचच इंग्रजी अक्षरं वापरून एका गुप्त नियमावलीनुसार ओळी तयार केल्या आणि लोकांना फक्त पाठ करायला दिल्या. नंतर सांगितलं, यामागे नियम होते. आता नव्या ओळींमधल्या नियमाला धरून कोणत्या आहेत ते ओळखा. दहापैकी जवळपास आठ उत्तरं बरोबर आली, पण नियम नेमका काय ते लोकांना सांगता येईना. रेबर यांनी या शिकण्याला अव्यक्त शिक्षण म्हटलं. १९७६ च्या प्रयोगात तर आधीच 'नियम शोधा' असं सांगितलेले लोक मागे पडले.

१९९२ साली हाच प्रयोग स्मृतिलोप (ॲम्नेशिया) झालेल्या रुग्णांवर झाला. पाहिलेल्या ओळी त्यांना नीट आठवत नव्हत्या, तरी नियमात बसणाऱ्या नव्या ओळी त्यांनी निरोगी लोकांइतक्याच ओळखल्या. १९९६ साली जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲसलिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना 'बिडाकू', 'पाडोटी' असे निरर्थक शब्द मध्ये विराम न ठेवता सलग दोन मिनिटं ऐकवले. कोणतं अक्षर कोणामागून हमखास येतं एवढ्यावरून बाळांनी शब्दांच्या सीमा हेरल्या.

पण लोक खरोखर नियम शिकतात का, हा आक्षेप टिकून आहे. काहींच्या मते ते फक्त दोन-तीन अक्षरांचे छोटे तुकडे लक्षात ठेवतात किंवा पाहिलेल्या एखाद्या ओळीशी साम्य जोखतात. मला हा आक्षेप मराठीत फार खरा वाटतो. 'बँक' आणि 'फाईल' दोन्ही इंग्रजीतून आलेल्या, दोन्ही आपण स्त्रीलिंगी केल्या. तरी 'बँका' झाल्या आणि 'बँकेत' आलं. 'फायली' झाल्या आणि 'फायलीत' आलं. अनेकवचन आणि सामान्यरूप यांची गाठ परक्या शब्दांतही सुटली नाही. पण कोणी 'विटे'च्या घरात जायचं आणि कोणी 'भिंती'च्या, हे सांगणारा एकच नियम अजून तरी मला सापडलेला नाही.