ॲमस्टरडॅमच्या नळातून क्लोरीन कसा गेला: थोडी पार्श्वभूमी

पाण्यातले जंतू मारायला जगभर क्लोरीन टाकतात, पण ॲमस्टरडॅमने नळाच्या पाण्यातला क्लोरीन बंद केला, ते का आणि कसं ते सांगतो. क्लोरीनने टायफॉइड आणि कॉलरा कसा आटोक्यात आणला ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे ते सोडून देतो. ॲमस्टरडॅमला १८५३ पासून समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधलं पाणी मिळायचं, मग शहर वाढलं, ते गोडं पाणी पुरेना, म्हणून १९५७ पासून ऱ्हाइन नदीचं पाणी पाइपने आणून त्याच वाळूत मुरवायला लागले. आणि ऱ्हाइन तेव्हा अख्ख्या पट्ट्यातल्या कारखान्यांचं सांडपाणी वाहून आणत होती.

गाडी फिरली ती १९७४ ला. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातल्या एका केमिस्टने (गडी आधी ब्रुअरीत होता) दाखवून दिलं की शुद्ध केलेल्या पाण्यात क्लोरोफॉर्म आणि त्याचे भाऊबंद सापडतात, पण नदीच्या पाण्यात नाहीत, म्हणजे ते आपणच तयार करतोय. कुजलेल्या पालापाचोळ्यातून जे पिवळसर द्रव्य पाण्यात उतरतं त्याच्याशी क्लोरीनची रिॲक्शन होते आणि हे बनतं. दोनच वर्षांत अमेरिकेत क्लोरोफॉर्मने उंदरांना कॅन्सर होतो असा रिपोर्ट आला आणि मग सगळीकडेच धावपळ.

पण क्लोरीन दोन कामांसाठी टाकतात, आणि भांडण दुसऱ्या कामावरून आहे. पहिलं म्हणजे प्लांटमध्येच जंतू मारणं, त्याला ओझोन, यूव्ही (अतिनील किरण), वाळूचे संथ फिल्टर असे पर्याय होते. दुसरं म्हणजे पाणी पाइपमधून घरी पोचेपर्यंत थोडा क्लोरीन शिल्लक ठेवणं, आपल्याकडे ओटी टेस्टला (औषधाचे थेंब टाकून क्लोरीन तपासतात ती) पिवळा रंग आला की पाणी पास म्हणतात तोच. ॲमस्टरडॅमने १९८३ ला हा शिल्लक क्लोरीनच बंद केला. बाहेरच्या इंजिनिअर लोकांना हा वेडेपणा वाटतो, अमेरिकेत तर नदी-तलावाचं पाणी असेल तर तो ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. डच बाजूचं म्हणणं असं की पाइपमध्ये खरंच मैला घुसला तर लिटरमागे ०.२-०.३ मिलिग्रॅम क्लोरीन काय पुरणार, उलट मैल्याची खूण म्हणून टेस्टमध्ये शोधायचा तो ई कोलाय जंतू तेवढा मरतो, चिवट जंतू जिवंत राहतात आणि रिपोर्ट क्लीन येतो. मला हा मुद्दा बिनतोड वाटतो. १९९३ ला मिलवॉकीमध्ये क्लोरीन टाकलेलंच पाणी पिऊन चार लाखांच्या आसपास लोक आजारी पडले, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीला क्लोरीनने फरकच पडत नाही.

अर्थात नुसता क्लोरीन बंद करून हे जमलं नाही. पाणी दोन-तीन महिने वाळूत मुरतं, मग ओझोन, कार्बनचा (कोळशाचा) फिल्टर, पुन्हा संथ वाळू. ओझोनची गंमत अशी की तो मोठे रेणू तोडून जंतूंना आयतं खाद्य करून देतो, म्हणून त्याच्यामागे कार्बनवर बॅक्टेरिया वाढू देऊन ते खाद्य आधीच संपवायचं, लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या खाली आणायचं. पाइपमध्ये खायलाच काही नसेल तर जंतू वाढणार कशावर. शिवाय गळती एकदम कमी आणि चोवीस तास प्रेशर, त्यामुळे बाहेरची घाण आत ओढली जायचा प्रश्नच फारसा येत नाही. आपल्याकडे दिवसातून दोन-चार तास पाणी सोडतात, मग लाइन रिकामी पडते, तिथे हा शिल्लक क्लोरीन काढायचं नावही काढू नये.

बाकीची डच शहरं हळूहळू त्याच वाटेने गेली आणि २००५ च्या सुमारास प्लांटमधलाही शेवटचा क्लोरीन बंद झाला. मध्ये २००१ ला उट्रेख्टजवळच्या नव्या वसाहतीत फ्लशसाठीच्या पाण्याची लाइन पिण्याच्या लाइनला जोडली गेली आणि बरेच लोक आजारी पडले, पण क्लोरीन काही परत आला नाही, दुसऱ्या लाइनची योजनाच गुंडाळली. न्यूझीलंडमध्ये मात्र उलटं झालं. हॅवलॉक नॉर्थला २०१६ मध्ये बिनक्लोरीनच्या विहिरींचं पाणी पिऊन हजारो आजारी पडले, त्यानंतर २०१८ ला क्राइस्टचर्चने 'तात्पुरता' म्हणून क्लोरीन सुरू केला. पण तिथे जमिनीखालचं पाणी शुद्धच असतं असं धरून प्रक्रियाच करत नव्हते, त्यामुळे ॲमस्टरडॅमवर टीका करताना हे उदाहरण देतात ते मला पटत नाही.

सध्या नेदरलँड्समध्ये चिंता आहे ती उन्हाळ्याची, कारण कोमट पाण्यात जंतू लवकर वाढतात. नळाचं पाणी २५ अंशांच्या वर जाऊ नये असा डच नियम आहे, आणि रस्त्याखालचे पाइप आता तापायला लागलेत.