‘मन शांत करा’ या सूचनेची पार्श्वभूमी

योगवर्गात आसने आणि प्राणायाम आटोपले की शेवटी डोळे मिटून ताठ बसायला सांगितले जाते आणि मग सूचना येते : मन शांत करा, मनात कोणताही विचार येऊ देऊ नका. मी ध्यानाला बसायला शिकलो तेव्हा पहिल्याच दिवशी मला हीच सूचना मिळाली होती. घडी घातलेल्या सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो, उजव्या पायाला रग लागायला सुरुवात झाली होती आणि चौथ्या-पाचव्या श्वासाच्या सुमारास मन कधी निसटले ते कळलेच नाही. कळले तेव्हा आदल्या दिवशीचे एक अख्खे भांडण मनातल्या मनात पुन्हा होऊन गेले होते. सूचना पाळता आली नाही, म्हणजे ध्यान आपल्याला जमणारे नाही, अशी माझी पुढे बरीच वर्षे समजूत होती. तशीच समजूत करून घेऊन ध्यान सोडून देणारी माणसे मी नंतर पुष्कळ पाहिली. म्हणूनच ही सूचना आली कुठून आणि ज्या परंपरेचे नाव घेऊन ती दिली जाते त्या परंपरेने नवशिक्याला खरोखर काय सांगितले होते, हे पाहणे मला महत्त्वाचे वाटते.

योग हा शब्द मनाच्या संदर्भात स्पष्टपणे वापरणाऱ्या जुन्या ग्रंथांत कठोपनिषदाचे स्थान मोठे आहे. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे, हे त्यातले रूपक सर्वपरिचित आहे. इंद्रियांच्या स्थिर धारणेलाच योग म्हणतात, असेही तेच उपनिषद सांगते. रूपकात मनाला लगाम म्हटले आहे, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे, कारण लगाम हातात धरायचा असतो, तोडून टाकायचा नसतो. श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात तर बैठकीच्या प्रत्यक्ष सूचनाच येतात : जागा सपाट आणि स्वच्छ असावी, तिथे खडे, वाळू किंवा विस्तव नसावा, छाती, मान आणि मस्तक सरळ ठेवावे, श्वास मंद झाल्यावर तो नाकपुडीने सोडावा आणि द्वाड घोडे जुंपलेल्या रथासारखे हे मन सावधपणे आवरून धरावे. मन द्वाड असणार, हे इथे सुरुवातीलाच गृहीत धरलेले आहे.

त्याच प्राचीन काळात श्रमण परंपरांमध्येही, म्हणजे वेदांबाहेरच्या बौद्ध-जैनांसारख्या संन्यासी पंथांमध्येही, ध्यानाचा कसून अभ्यास चालू होता. गौतम बुद्धांनी गृहत्यागानंतर आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोन आचार्यांकडे ध्यानाच्या अतिशय सूक्ष्म अवस्था शिकून घेतल्या आणि तेवढ्याने दुःखाचा अंत होत नाही, असे ठरवून ते पुढे निघाले, असे पाली ग्रंथ सांगतात. पुढे त्यांच्या नावे आलेल्या आनापानसती सुत्तात येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचे भान ठेवण्याची पद्धत आहे, तर सतिपट्ठान सुत्तात चित्त विखुरलेले असेल तर ते विखुरलेले आहे असे जाणावे, असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे विखुरलेले चित्तही तिथे पाहण्याचा विषय ठरते आणि ते पाहणे हा साधनेचाच भाग असतो.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात हा प्रश्न संवादाच्या रूपाने येतो आणि मला तो सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण तिथे तक्रार करणारा शिष्य आहे. मन चंचल, बळकट आणि हट्टी आहे, त्याला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतकेच कठीण आहे, असे अर्जुन म्हणतो. श्रीकृष्ण त्याचे म्हणणे खोडून काढत नाहीत. मन दुर्निग्रह, म्हणजे आवरायला कठीण, आहे यात संशय नाही, असे आधी मान्य करतात आणि मग अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. त्याआधीच्या एका श्लोकात पद्धतही दिलेली आहे : चंचल मन जिथे जिथे धाव घेईल तिथून तिथून त्याला परत आणून आत्म्याच्या ठायी लावावे. ‘जिथे जिथे’ आणि ‘तिथून तिथून’ या द्विरुक्तीत ध्यानाच्या बैठकीचे अगदी खरे वर्णन आहे.

पतंजलींची योगसूत्रे हा या इतिहासातला मध्यवर्ती ग्रंथ आहे आणि आजच्या गैरसमजाचे मूळही बहुधा त्याच्या एका सूत्राच्या अर्धवट वाचनात आहे. सूत्रांच्या काळाबद्दल मतभेद आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या शतकापर्यंतच्या तारखा सुचवल्या गेल्या आहेत. चार पादांत, म्हणजे प्रकरणांत, विभागलेल्या या 195 सूत्रांपैकी (काही प्रतींत 196) दुसरेच सूत्र ‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’ हे आहे आणि चित्तवृत्ती थांबवणे म्हणजे योग, एवढाच अर्थ घेऊन ते सर्वत्र उद्धृत होते. परंतु हे सूत्र व्याख्येचे आहे. प्रवासाच्या शेवटी काय असते ते त्यात सांगितले आहे. निरोध कशाने होतो, याचे उत्तर बाराव्या सूत्रात येते आणि ते गीतेतलेच आहे : अभ्यास आणि वैराग्य. चित्त स्थिर राहावे म्हणून केलेला यत्न म्हणजे अभ्यास, आणि तो दीर्घकाळ, खंड न पडता व आदराने केला तरच त्याचा पाया पक्का होतो, असे पुढची दोन सूत्रे सांगतात. त्याच पादात पुढे व्याधी, आळस, संशय यांसह नऊ अडथळ्यांची यादी येते आणि त्यांवर एक नव्हे, अनेक उपाय येतात : सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, श्वास बाहेर सोडणे आणि रोखणे, आणि शेवटी आपल्याला रुचेल त्या विषयाचे ध्यान. ज्याने इतके पर्याय लिहून ठेवले, त्याने पहिल्या दिवशी मन कोरे होईल अशी अपेक्षा ठेवलेली नव्हती, हे उघड आहे.

आसनाविषयी पतंजली फक्त तीन सूत्रांत बोलतात. आसन स्थिर आणि सुखकर असावे, ते प्रयत्न सैल केल्याने आणि अनंतावर चित्त ठेवल्याने साधते, आणि त्यामुळे थंडी-ऊन यांसारख्या द्वंद्वांचा त्रास होत नाही. आसन म्हणजे मुख्यतः बसण्याची पद्धत, असाच इथे अर्थ आहे. त्यानंतर प्राणायाम, मग इंद्रियांना विषयांपासून मागे वळवणारा प्रत्याहार, मग धारणा आणि त्यापुढे ध्यान, अशी पायरी-पायरीने वाट जाते. चित्त एका ठिकाणी बांधणे ही धारणा आणि त्याच ठिकाणी जाणिवेचा सलग प्रवाह राहणे हे ध्यान. तेलाची धार न तुटता पडत राहते तसा हा प्रवाह, अशी उपमा परंपरेत दिली जाते. या व्याख्येने पाहिले तर श्वासावर मन ठेवणे, ते सुटणे आणि पुन्हा आणणे या नवशिक्याच्या खटाटोपाचे खरे नाव धारणेचा अभ्यास असे आहे. आपण त्याला सरसकट ध्यान म्हणतो आणि मग ते ‘लागले नाही’ म्हणून खट्टू होतो.

सूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. यातल्या विक्षिप्त या शब्दाला आज मराठीत तऱ्हेवाईक असा अर्थ चिकटला असला तरी इथे तो वेगळा आहे. सतत भटकणारे ते क्षिप्त. आणि भटकणारे, पण अधूनमधून थोडा वेळ स्थिर होणारे, ते विक्षिप्त, असा खुलासा टीकाकार करतात. ध्यान शिकणारा बहुतेक काळ या तिसऱ्या भूमीवर असतो. तिला स्वतंत्र नाव द्यावेसे परंपरेला वाटले, यातच शिकणाऱ्याविषयीची समज दिसते.

हीच समज मराठीत सर्वांत हळुवारपणे व्यक्त झाली ती 1290 साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत. सहाव्या अध्यायात मन केवढे आहे हे पाहू गेले तर सापडत नाही आणि वावरायला मात्र त्याला त्रैलोक्यही अपुरे पडते, अशी अर्जुनाची तक्रार ज्ञानेश्वर रंगवतात. माकड समाधी लावेल काय, किंवा थांब म्हटल्यावर वादळ थांबेल काय, असेही त्याला विचारायला लावतात. उत्तरात श्रीकृष्ण मनाचा एक चांगला गुण दाखवतात : ‘यया मनाचें एक निकें । जें देखिलें गोडीचिया ठाया सोके’. जिथे गोडी लागते तिथे मन सोकावते, म्हणून त्याला अनुभवाचे सुख कौतुकाने दाखवत जावे. ज्या सवयीमुळे मन बाहेर धावते तीच सवय त्याला आत आणायला उपयोगी पडते, हा विचार मूळ श्लोकाच्या शब्दांत नाही. तो ज्ञानेश्वरांनी घातलेला आहे, आणि ध्यान शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला मनापासून वाटते.

हठयोगाच्या ग्रंथांनी या वाटेवर शरीराचे साधन अधिक पुढे आणले. पंधराव्या शतकातील स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत 15 आसने वर्णिलेली आहेत आणि त्यांतली बरीच बसण्याची आहेत. ग्रंथाचा रोख मात्र प्राणावर आहे : वारा चळला की चित्त चळते, तो निश्चळ झाला की चित्त निश्चळ होते. थेट मनाला हात घालणे कठीण, म्हणून श्वासाच्या बाजूने जावे, असा हा व्यवहारी विचार आहे. चौथ्या प्रकरणात नादानुसंधान येते, म्हणजे आत ऐकू येणाऱ्या ध्वनीवर लक्ष ठेवून त्यात मन विरघळू देणे. हठावाचून राजयोग, म्हणजे मनाच्या एकाग्रतेचा योग, नाही आणि राजयोगावाचून हठ नाही, असेही स्वात्माराम बजावतात.

पुढचा मोठा बदल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. 1893 च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेनंतर स्वामी विवेकानंदांनी अमेरिकेत दिलेली व्याख्याने आणि योगसूत्रांचा अनुवाद 1896 मध्ये ‘राजयोग’ या नावाने प्रसिद्ध झाला आणि पतंजली जगभरच्या वाचकांपर्यंत पोहोचले. पहिला धडा म्हणून काही वेळ बसावे आणि मनाला धावू द्यावे, माकडाला हवे तितके उड्या मारू देऊन आपण फक्त पाहत राहावे, असे विवेकानंदांनी तिथे सांगितले आहे. म्हणजे जुनी शिकवण त्यांच्याकडे शाबूत होती. विसाव्या शतकात योग वर्गात आला तेव्हा मात्र भर बदलला. 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून आसने आणि क्रियांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. म्हैसूरच्या राजवाड्यात टी. कृष्णमाचार्य 1930 च्या दशकात शिकवत होते आणि त्यांच्या शिष्यांनी आसनांची समृद्ध परंपरा देशोदेशी नेली. या कामाने असंख्य लोकांचे आरोग्य सुधारले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण ठरावीक वेळाच्या, अनेकांच्या एकत्र वर्गात आसनांना मोठा वाटा गेला, प्रत्याहार आणि धारणा या मधल्या पायऱ्या शिकवायच्या राहून गेल्या आणि ध्यानाच्या वाट्याला शेवटची काही मिनिटे आली. माझ्या मते ‘विचार येऊ देऊ नका’ ही सूचना इथे रुजली. मधल्या पायऱ्या गळाल्यावर हातात फक्त दुसऱ्या सूत्राची व्याख्या उरली आणि तीच कृती म्हणून सांगितली जाऊ लागली.

प्रयोगशाळांनीही या समजुतीला नकळत हातभार लावला. 1961 मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद, जी. एस. छीना आणि बलदेव सिंग यांनी ध्यानस्थ योग्यांच्या मेंदूतील विद्युतलहरींची नोंद प्रसिद्ध केली. ध्यानात असताना प्रखर प्रकाश किंवा मोठा आवाज यांनीही त्यांच्या अल्फा लहरी, म्हणजे निवांत जागेपणी दिसणाऱ्या लहरी, खंडित झाल्या नाहीत. हे निरीक्षण मुरलेल्या साधकांचे होते, पण ध्यान म्हणजे अशी अविचल अवस्था, हे चित्र त्यातून सर्वसामान्यांच्या मनात ठसले. उलट 1975 मध्ये हर्बर्ट बेन्सन यांनी मांडलेल्या शिथिलीकरणाच्या पद्धतीत, एखादा शब्द मनात घोळवत राहावा आणि दुसरे विचार आले तर खंत न करता त्या शब्दाकडे परतावे, असे होते. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केलेल्या आणि पुढे आठ आठवड्यांचा म्हणून रूढ झालेल्या कार्यक्रमातही, मन भटकल्याचे लक्षात येणे आणि हळुवारपणे परतणे हीच मुख्य कृती होती. तिच्या जोडीला हठयोगाची आसनेही होती. गीतेतले ‘जिथून तिथून परत आणणे’ अशा रीतीने रुग्णालयाच्या वाटेने पुन्हा वर्गात आले.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 2014 मध्ये 21 जून हा आंतरराष्ट्रीय योग दिवस म्हणून जाहीर केला आणि 2015 पासून तो पाळला जातो. त्या दिवसासाठी आयुष मंत्रालयाने तयार केलेल्या 45 मिनिटांच्या क्रमात आधी सांधे मोकळे करणाऱ्या चलनक्रिया, मग आसने, कपालभाती, प्राणायाम आणि त्यानंतर ध्यान येते. क्रम जुनाच आहे, फक्त ध्यानाला मिळणारी मिनिटे थोडी आहेत. मी ज्यांच्याकडे नंतर शिकलो त्या बाई त्या मिनिटांत एवढेच सांगत : श्वास एक ते दहा मोजा, आकडा चुकला की पुन्हा एकपासून सुरू करा. पहिल्या महिन्यात माझी मोजणी चारच्या पुढे क्वचितच गेली आणि वर्गानंतर मी तसे सांगितले, तेव्हा चारवर चुकल्याचे लक्षात आले ना, एवढेच त्यांनी विचारले.