साथीचं अॅप आणि मे २०२१ ची लसीची नोंदणी : पार्श्वभूमी

साथ कुठं पसरणार हे आता एआय आधीच सांगेल अशी चर्चा जोरात चालू आहे. पण आपल्या मराठवाड्यात या गोष्टीला मागचा इतिहास आहे. १८९७ चा साथरोग कायदा मुंबईच्या प्लेगमुळं आला, आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. आपल्याकडची सुरुवात १९९४ पासून धरा. किल्लारीच्या भूकंपाला वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात बीड जिल्ह्यात मामला गावात प्लेग निघाला आणि पाठोपाठ सुरतेत. २००४ ला देशभर रोग सर्वेक्षण सुरू झालं, त्यात लक्षणांचा एस फॉर्म सिस्टर भरायच्या, अंदाजी निदानाचा पी डॉक्टर, तपासणीचा एल लॅबवाले, आणि आठवड्याला ते वर जायचे. तिकडं २००८ ला एका सर्च कंपनीनं लोक काय शोधतात त्यावरनं फ्लूचा अंदाज बांधायला घेतला, २०१३ ला तो प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला आणि २०१५ ला सेवाच बंद केली.

मग कोविड. २ एप्रिल २०२० ला आरोग्य सेतू आलं, म्हणजे कोण कुणाच्या जवळ आलं हे फोनच्या ब्लूटूथवरनं टिपणारं सरकारी अॅप, १ मेच्या आदेशात ते नोकरदारांना सक्तीचं झालं, १७ मेला सक्ती सैल केली. घरात एकच स्मार्टफोन आणि तोही पोराच्या खिशात, तर ब्लूटूथला कोण कुणाजवळ बसलं हे कळणार कसं? गावात शोधकाम केलं ते आशाताईंनीच, त्या सप्टेंबरच्या घरोघर मोहिमेत ऑक्सिमीटर, थर्मल गन आणि वही घेऊन.

सगळ्यात वादाचा निर्णय मात्र १ मे २०२१ चा. १८ ते ४४ वयाला लस खुली केली पण कोविन या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन नोंदणी आणि अपॉइंटमेंट असल्याशिवाय नाही. सरकारचं म्हणणं होतं की लस कमी आहे, केंद्रावर गर्दी नको, आणि हे म्हणणं खोटं नव्हतं, १२ मेपासून महाराष्ट्रानं या वयोगटाचं लसीकरण थांबवलंच. पण तेवढ्या दिवसांत काय झालं ते बघा. पोर्टल तेव्हा इंग्रजीत, मराठी आली जूनमध्ये. स्लॉट उघडला की काही मिनिटांत फुल्ल. शहरातली पोरं पिनकोड बदलून बदलून बघायची, टेलिग्रामवर अलर्ट लावायची, आणि गाडी काढून लांबच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर येऊन लस घेऊन जायची, आणि त्याच गावचा माणूस दारात उभा राहून बघायचा कारण यादीत त्याचं नाव नाही. हंगाम संपवून परत आलेली ऊसतोडीची जोडपी नेमकी याच वयातली, कीपॅडचा फोन, त्यात कोण ओटीपी बघून कॅप्चा भरणार? ३१ मेला सर्वोच्च न्यायालयानं हाच प्रश्न विचारला. सरकारी केंद्रावर थेट नोंदणीची मुभा २४ मेलाच दिली होती, २१ जूनपासून आधी नोंदणीची अटच गेली. माझं मत स्पष्ट आहे, ही मुभा पहिल्या दिवसापासून द्यायला पाहिजे होती.

त्याच काळात जो तो विचारायचा, स्कोअर किती आला? २५ पैकी १२ म्हणलं की घरचे बेडसाठी पळत सुटायचे. छातीच्या सीटी स्कॅनवरनं फुफ्फुस किती बाधलं ते सांगणारा हा आकडा डॉक्टर काढायचे, पण एक्स-रे, सीटीवरनं कोविड ओळखणारे एआय मॉडेल जगभर शेकड्यानं निघाले. २०२१ ला त्यातली ६२ नीट तपासली तर दवाखान्यात वापरण्याजोगं एकही निघालं नाही. काहींनी तर बिनकोविड म्हणून लहान लेकरांचे एक्स-रे वापरले होते, म्हणजे मशीन शिकलं काय, तर लेकरू आणि मोठा माणूस ओळखायला.

२०२१ पासून ते जुने तीन फॉर्म ऑनलाइन झालेत, आणि २०२२ पासून देशात एआय १३ भाषांतल्या बातम्या चाळून साथीचा इशारा शोधतंय. हे चांगलंच आहे. पण पुढचं मॉडेल मे २०२१ च्या नोंदणीवरनं शिकवायला घेतलं तर त्यात पिनकोड बदलणाऱ्यांची मागणी दिसंल, केंद्राच्या दारातनं परत गेलेल्याची नोंद त्या डेटात नाही.