ब्लूज म्हणजे स्लो केलेला लिंडी हॉप नव्हे

पार्टनर डान्स शिकायचं ठरवून चौकशी केली की लिंडी हॉप आणि ब्लूज ही नावं बऱ्याचदा जोडीनंच कानावर येतात, शिकवणारे तेच, येणारी माणसंही तीच, मग नवख्याला वाटतं की लिंडी फास्ट गाण्यावरचा आणि ब्लूज म्हणजे तोच, फक्त हळू. आणि हळू म्हणजे सोपा, तेव्हा आधी ब्लूज करू. पहिला समज चुकीचा, दुसरा तर त्याहून.

गोंधळाला कारण आहे म्हणा. दोन्ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाचे नाच. लिंडी 1920 च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये घडला, 1926 ला उघडलेला सॅव्हॉय बॉलरूम हा त्याचा अड्डा, समोर चिक वेबसारख्याचा मोठा बँड आणि पाय पसरायला ऐसपैस फ्लोअर. ब्लूजला असं एक घर नाही. दक्षिणेतले ज्यूक जॉइंट म्हणजे गाणं, दारू आणि नाच चालणारे छोटे अड्डे, शहरात भाड्याचे पैसे जमवायला घरातच ठेवलेल्या रेंट पार्ट्या, अशा दाटीवाटीत तो नाचला गेला, आणि खरं तर तो एक नाच नाहीच, स्लो ड्रॅग, स्ट्रटिंग, बॉलरूमिंग असं बरंच काही त्या नावाखाली येतं. त्यातला स्लो ड्रॅग तर लिंडीहून जुना, संगीतकार स्कॉट जॉप्लिननं 1911 ला छापलेल्या ऑपेराचा शेवटच त्यावर आहे. पण अलीकडे लिंडीच्या इव्हेंटमध्ये रात्री उशिरा सगळे दमले की ब्लूज लावायचा प्रघात पडला, आजचा ब्लूज सीन बराचसा तिथूनच वाढला, म्हणून तो लिंडीचं शेपूट वाटतो.

आता नाचताना काय फरक पडतो? लिंडीत पहिल्याच क्लासला हातात काहीतरी ठोस पडतं. रॉक स्टेप, ट्रिपल स्टेप, सहा काउंटचा म्हणजे सहा बीटचा बेसिक, पुढे आठ काउंटचा स्विंगआउट, लिंडीची ओळख असलेली स्टेप. चुकलात तर कुठे चुकलात ते कळतं. ब्लूजमध्ये बऱ्याचदा चक्क चालायला शिकवतात, एका पायावरचं वजन दुसऱ्यावर पूर्ण टाकायचं, गुडघे सैल, भार जमिनीकडे आणि अंगात बीटबरोबर बारीक पल्स चालू. लोकांना वाटतं हे काय शिकायचं! पण 60 बीपीएमच्या गाण्यात, म्हणजे सेकंदाला एक बीट, वजन दोन पायांत अर्धं अर्धं ठेवलंत तर तुम्ही कुठल्या पायावर आहात हे पार्टनरला कळतच नाही आणि पुढचं सगळंच अडतं. लिंडीत वेग बरंच काही झाकून नेतो, ब्लूज म्हणजे सायकल अगदी हळू चालवणं, हँडल तिथेच डगमगतं. तेव्हा स्टेप कमी म्हणून तो सोपा समजू नका.

शिवाय ब्लूजमध्ये थांबणं चालतं. गायक एक ओळ म्हणतो, तीच परत म्हणतो, मग तिसरी, आणि प्रत्येक ओळीनंतर गिटार नाहीतर पियानो उत्तर देतो. त्या जागा ऐकून तिथे नुसतं थांबलं तरी पुरतं. नवखे नेमकं इथेच घाबरतात आणि वळणांवर वळणं कोंबतात, माझ्या मते ब्लूज बिघडवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग तोच.

आणि ते चिकटून नाचण्याचं. क्लोज एम्ब्रेस म्हणजे जवळची मिठी असते, पण सक्ती नाही. ओपनमध्ये, म्हणजे अंतर ठेवूनही भरपूर ब्लूज होतो, नको असेल तर सरळ 'ओपनमध्ये नाचूया' म्हणायचं, कुणी वाईट वाटून घेऊ नये. सगळा ब्लूज हळू असतो हेही खरं नाही, जंप ब्लूज या वेगवान प्रकारावर चांगला घाम निघतो.

आधी कुठला घ्यावा? मोजायला काउंट असला की धीर येत असेल तर लिंडी. गाणं लागल्यावर आपोआप मान डोलत असेल आणि स्टेप पाठ करायचा कंटाळा असेल तर ब्लूज. बूट दोन्हीला गुळगुळीत तळाचे, रबरी तळ फ्लोअरला पकडून ठेवतो आणि वळताना गुडघा पिळतो.

सोशलला, म्हणजे क्लासबाहेर सगळे नाचायला जमतात तिथे, गाणं ऐकून ओळखायचं म्हणाल तर बारा बारची रचना, ब्लूज गाण्यांचा नेहमीचा साचा, ऐकू आली म्हणजे ब्लूजच नाचायचा असं नाही, काउंट बेसी या जॅझ वादकाचा बँड तसली गाणी कितीतरी वाजवायचा आणि त्यावर लोक लिंडीच करायचे. वरती उडावंसं वाटतंय की खाली रुतावंसं वाटतंय ते बघा, आणि तरी कळेना तर पार्टनरला विचारा, बऱ्याचदा तोही खांदेच उडवतो.