कंटेम्प्ट : अर्थ आणि वापर

एखाद्या व्यक्तीला किंवा गोष्टीला आदरास अपात्र, खालच्या पायरीची समजण्याच्या वृत्तीला इंग्रजीत 'कंटेम्प्ट' म्हणतात. न्यायालयाच्या किंवा विधिमंडळाच्या अधिकाराची पायमल्ली करणारा अपराधही इंग्रजी कायद्यात याच शब्दाने ओळखला जातो. लॅटिनमधील तुच्छ लेखणे या अर्थाच्या 'कॉन्टेम्नेरे' क्रियापदापासून तो आला. मराठीने या दोन अर्थांची घरे वेगळी ठेवली आहेत : मनातल्या भावनेला तुच्छता किंवा तिरस्कार, कायद्यातल्या अपराधाला अवमान. नागपूरकरांच्या तोंडी हा इंग्रजी शब्द बसला आहे तो दुसऱ्या अर्थाने. 'मला त्याच्याबद्दल कंटेम्प्ट वाटतो' असे येथे कोणी म्हणत नाही. 'कंटेम्प्ट लावला' हे मात्र सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या आवारात सहज कानी पडते.

भावनेच्या अर्थी शब्दकोश सर्रास 'तिरस्कार' हा पर्याय देतात, पण तो पुरता जुळत नाही. आजच्या मराठीत तिरस्काराला द्वेषाची धग आहे, आणि ज्याचा तिरस्कार करतो त्याची दखल आपण घेतच असतो. कंटेम्प्टमध्ये वरून खाली पाहणारी थंड नजर असते. 'कस्पटासमान लेखणे', 'खिजगणतीत न धरणे' हे वाक्प्रचार तिच्या अधिक जवळ जातात. (तिरस्काराचा मूळ अर्थ बाजूला सारणे, झाकून टाकणे असा होता, संस्कृतात 'तिरस्करिणी' म्हणजे पडदा.) 'अतिपरिचयात अवज्ञा' या वचनाशी जुळणाऱ्या इंग्रजी म्हणीत अवज्ञेच्या जागी नेमका कंटेम्प्ट हाच शब्द आहे. अवज्ञा, अवमान आणि अवहेलना या तिन्ही शब्दांतला 'अव' हा उपसर्गही खालीच बोट दाखवतो. भाषांतर करताना आणखी एक जागा सांभाळावी लागते : 'कंटेम्प्टिबल' म्हणजे तुच्छ ठरलेला आणि 'कंटेम्प्चुअस' म्हणजे दुसऱ्याला तुच्छ लेखणारा.

चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये माणूस आणि प्राणी यांच्या भावनाविष्कारांवर लिहिताना या भावनेची चर्चा घृणेच्या जोडीने केली. मराठीतील 'नाक मुरडणे' हेही या दोन्ही भावनांना चालते. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९८६ मध्ये ओठाचा एकच कोपरा आवळून वर उचलणे ही तुच्छतेची वेगळी खूण म्हणून मांडली. पण तुच्छतेला चेहरा लागतोच असे नाही, राग तर मुळीच लागत नाही. पाणवठ्यावर येऊ न देणारी, सावलीचाही विटाळ मानणारी अस्पृश्यता ही रूढी झालेली तुच्छताच होती, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत लाखोंनी घेतलेली धम्मदीक्षा हे तिला दिलेले उत्तर होते.

कायद्यातील अवमान म्हणजे न्यायाधीशाचा अपमान नव्हे. बोलताना हे दोन शब्द एकमेकांच्या जागी येतात आणि गैरसमज वाढतो. न्यायालयाचा अवमान अधिनियम, १९७१ त्याचे दिवाणी व फौजदारी असे दोन प्रकार करतो. आदेश हेतुपुरस्सर न पाळणे किंवा न्यायालयाला दिलेली हमी मोडणे हा दिवाणी, तर न्यायालयाला कलंकित करणे किंवा न्यायदानात अडथळा आणणे हा फौजदारी अवमान होय. सामान्य माणसाचा संबंध बहुधा पहिल्याशी येतो. 'साहेब, ऑर्डर होऊन दहा महिने झाले, पेन्शनचा पत्ता नाही. आता कंटेम्प्टच लावा,' असे निवृत्त कर्मचारी वकिलाला विनवतो, तेव्हा त्या दहा महिन्यांना अर्थ असतो, कारण कलम २० नुसार अवमान घडल्यापासून एक वर्षानंतर कारवाई सुरू करता येत नाही.

अवमानाच्या कायद्याच्या घडणीत तत्कालीन नागपूर उच्च न्यायालयाचे दोन माजी मुख्य न्यायाधीश ठळकपणे दिसतात. न्या. व्हिव्हियन बोस यांनी सर्वोच्च न्यायालयात सुखदेवसिंग सोढी प्रकरणी निकाल लिहिताना अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार उच्च न्यायालयांच्या ठायी मूळचाच असल्याचे म्हटले. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१५ मध्ये तो नमूद आहे. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले न्या. हिदायतुल्ला यांनी १९७० मध्ये, सरन्यायाधीश असताना, केरळचे माजी मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांचा अवमानाचा दोष कायम ठेवला, पण केरळ उच्च न्यायालयाने ठोठावलेला १,००० रुपयांचा दंड ५० रुपयांवर आणला. दोष खरा, पण शिक्षा मोजून द्यायची, हा समतोल मोलाचा आहे.

हिवाळी अधिवेशनात विधानभवनातून ऐकू येणारा 'हक्कभंग' हा याच कुळातला. सभागृहाच्या अवमानाचे विषय त्याच शब्दाखाली येतात.

अवमानासाठी कमाल शिक्षा सहा महिने साधी कैद, २,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी आहे. न्यायालयाचे समाधान होईल अशी माफी मागितल्यास आरोपीला सोडता येते. बातम्यांत नेहमी 'बिनशर्त माफी' असा शब्द असतो. अधिनियम मात्र सांगतो की माफी प्रामाणिक असेल, तर ती केवळ सशर्त आहे एवढ्याच कारणाने नाकारू नये.